उसन्या दृश्यांवरचा विनोद : क्वेक, हेलो आणि खान्देश

व्हिडिओ गेम चालू असताना पडद्यावर जे दिसते तेच टिपायचे, त्यावर स्वतः लिहिलेले संवाद चढवायचे आणि त्यातून गोष्ट सांगायची, या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. सेट, वेशभूषा, घोडे, रणगाडे यांतले काहीही विकत घ्यावे लागत नाही. जग आधीच तयार असते, आवाज तेवढा आपला घालायचा. या पद्धतीच्या विनोदी मालिका अमेरिकेत वाढल्या. पण दुसऱ्याच्या पडद्याकडे पाहत आपला विनोद उभा करण्याची रीत त्याच सुमारास खान्देशाच्या उंबरठ्यावर, मालेगावातही रुजत होती. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत असण्याचे काही कारण नव्हते. साधने तुटपुंजी, हौस दांडगी, ही परिस्थिती मात्र दोन्हीकडे सारखी होती.

मशिनिमाची सुरुवात १९९६ मध्ये झाली. त्या वर्षी जूनमध्ये इड सॉफ्टवेअर या कंपनीचा क्वेक हा गोळीबाराचा गेम आला. खेळलेला डाव नोंदवून ठेवण्याची आणि तो पुन्हा पाहण्याची सोय त्यात होती. रेंजर्स नावाच्या खेळाडूंच्या टोळीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दीड-पावणेदोन मिनिटांची फीत तयार केली. एका कोपऱ्यात दबा धरून येणाऱ्यांना टिपणारा खेळाडू शेवटी मारला जातो, आणि तो गेमच्या निर्मात्यांपैकीच एक, जॉन रोमेरो निघतो, एवढीच तिची कथा. आवाज नव्हता, संवाद अक्षरांत उमटत. महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून सुटून बाहेर आला होता. खेळणाऱ्याला जे दिसते ते दाखवणे ही नोंद झाली. दिग्दर्शकाला जे दाखवायचे ते दाखवणे हा चित्रपट. जानेवारी २००० मध्ये एडिनबरोच्या ह्यू हॅन्कॉक यांनी या चित्रफितींसाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले आणि मशिनिमा हे नाव रूढ झाले.

या कलेला मोठा प्रेक्षक मिळवून दिला ‘रेड व्हर्सस ब्लू’ या मालिकेने. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात बर्नी बर्न्स, मॅट हलम, जेफ रॅमझी, गस सोरोला आणि जोएल हेमन या मित्रमंडळींनी रूस्टर टीथ या नावाखाली तिचा पहिला भाग १ एप्रिल २००३ रोजी इंटरनेटवर टाकला. बेत सहा-आठ भागांचा होता. पहिली कथामाला जून २००७ मध्ये संपली तेव्हा भागांची संख्या १०० झाली होती. सामग्री होती ती नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या हेलो या गेमची. चहूबाजूंनी कड्यांनी बंद झालेली एक दरी, तिच्या एका टोकाला लाल चिलखतवाले, दुसऱ्या टोकाला निळे. लालांचा तळ निळ्यांमुळे आणि निळ्यांचा लालांमुळे, याखेरीज त्या युद्धाला कारण नाही. सैनिक लढण्यापेक्षा बोलतातच जास्त. मूळ गेम परग्रहावरील घनघोर संग्रामाचा. मालिकेने त्याची सरकारी कचेरीतल्या कंटाळ्यासारखी निवांत, कुरकुरी दुनिया करून टाकली.

ही मालिका कशी घडे ते सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण तिचा विनोद तिच्या अडचणींतूनच आला. संवाद आधी ध्वनिमुद्रित होत. मग अनेक खेळगडी जोडलेल्या यंत्रांवर एकेक पात्र हाती घेत आणि आवाजाच्या तालावर ते हलवत. एक खेळाडू फक्त कॅमेरामन; त्याच्या पात्राच्या नजरेतून दिसणारे दृश्य टिपले जाई. त्याच्या पडद्यावर गेमची बंदूक आणि आकडे दिसत, म्हणून चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून ते झाकले जात. पात्रांचे चेहरे शिरस्त्राणात, त्यामुळे ओठ जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. पण कोण बोलते आहे हे कळावे कसे? बोलणाऱ्या पात्राने मान वरखाली हलवायची, बाकीच्यांनी स्तब्ध राहायचे, असा संकेत ठरला. तरीही प्रत्येक सैनिक समोरच्यावर बंदूक रोखूनच उभा राही. मूळ हेलोमध्ये एक त्रुटी होती : पिस्तूल घेतलेला खेळाडू खाली जमिनीकडे पाहू लागला, की इतरांना त्याची मान सरळ आणि हात खाली आलेला दिसे. कलावंतांनी ही चूक हेरली आणि पात्रे निवांत गप्पा मारताना दिसू लागली. पुढच्या हेलो २ मध्ये ही त्रुटी दुरुस्त झाली, पण शस्त्र खाली करण्याची वेगळी सोय गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने मुद्दाम ठेवली. खेळ बनवणाऱ्यांनी खेळाच्या बाहेरचा हा उपयोग मान्य केल्याची ती खूण होती.

मान्यता सर्वांना अशी सहज मिळाली नाही. दृश्ये ज्या कंपनीची, तिच्या परवान्याशिवाय ती वापरणे हे कायद्याने जोखमीचे. रूस्टर टीथला हेलोचे हक्क असलेल्या मायक्रोसॉफ्टने परवाना शुल्काशिवाय काम करू दिले. इतरांसाठी वापराचे जाहीर नियम २००७ मध्ये निघाले. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका व परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे, विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाच्या खटल्यात मूळ नाटकावर टीका करण्यासाठी त्यातील भाग घेणे रास्त मानले. विडंबनाच्या बाजूने बोलताना आजही याच निकालाचा आधार घ्यावा लागतो.

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी हे गाव बोलीने आणि बाजाराने खान्देशाशी बांधलेले आहे. गिरणा आणि मोसम नद्यांकाठच्या या यंत्रमागांच्या शहरात शुक्रवार सुटीचा आणि म्हणून चित्रपटांचाही दिवस. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. चार्ली चॅप्लिनपासून ब्रूस लीपर्यंतचे चित्रपट ते दाखवत आणि दोन व्हीसीआर जोडून संकलन करायला शिकले. एका यंत्रावर फीत चालवायची, नेमक्या क्षणी दुसऱ्यावर नोंद सुरू करायची, नको तो तुकडा गाळायचा, हवा तो जोडायचा. चित्रपट ही वस्तू कापता येते, जोडता येते आणि म्हणून आपल्यालाही करता येते, हे ज्ञान त्यातून आले. मशिनिमाच्या मंडळींना ते क्वेकच्या नोंदींतून मिळाले, नासिर यांना चुंबकीय फितीतून.

२००० मध्ये त्यांनी सुमारे ५०,००० रुपयांत ‘मालेगाव के शोले’ केला. मूळ ‘शोले’तल्या गब्बरचा रब्बर झाला, बसंतीची बासमती. दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवर आले. नट यंत्रमागांवरचे आणि दुकानांतले. सायकलीवर कॅमेरा बसवून तो ट्रॉलीसारखा फिरवला जाई. प्रसंग आणि पात्रे सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या चित्रपटाची, त्यामुळे प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नसे. फरक दिसला की हशा पिकत असे. हेलोच्या चाहत्यांना लाल-निळ्या सैनिकांचे हसू येण्याचे कारणही हेच. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. त्यात यंत्रमाग कामगार शफीक शेख यांच्या सडपातळ सुपरमॅनला हिरव्या कापडासमोर आडवे करून आकाशात उडवले गेले. त्या चित्रीकरणाची धडपड फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात नोंदली आहे. ती नोंद नसती, तर खान्देशी विनोदाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण ऐकीव राहिले असते. शफीक यांचे पुढे काही वर्षांतच कर्करोगाने निधन झाले. नासिर यांना सब टीव्हीवर ‘मालेगाव का चिंटू’ ही मालिका करायला मिळाली. तीही अमेरिकी मूकपटांच्या वळणाची, संवादांशिवाय हसवणारी.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा खान्देशाच्या वायव्य टोकाला आहे. अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजर अशा बोली सहा तालुक्यांत एकमेकींशेजारी नांदतात. सोंगाची परंपरा इथे सिनेमाच्या कितीतरी आधीची. अक्कलकुव्यातील काठी गावच्या राजवाडी होळीत अंगभर नक्षी रंगवून, मोरपिसांचे उंच टोप घालून, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून बावा-बुध्या ही सोंगे रात्रभर नाचतात. तिथे ओळख चेहऱ्याने पटत नाही, टोपाच्या हालचालीने आणि कमरेच्या आवाजाने पटते. शिरस्त्राणातल्या सैनिकांनी मान हलवून जे साधले, त्या जातीचा अभिनय सातपुड्याला अपरिचित नव्हता.

उसन्या दृश्यांचा विनोद या भागात घरोघर पोहोचला तो फोनमधून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हिंदी व दाक्षिणात्य चित्रपटांच्या तुकड्यांवर अहिराणी संवाद चढवलेल्या चित्रफितींना मोठा प्रेक्षक मिळाला. कारखानदार खलनायक पारावरच्या भाषेत उसनवारीवरून भांडू लागला, की खान्देशात हसू आवरत नाही. याच्या जोडीला छोटू दादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शफीक (सुपरमॅन झालेले शफीक शेख वेगळे) यांच्यासारख्या नटांच्या ‘खान्देशी’ विनोदी फितींनी यूट्यूबवर देशभराचा प्रेक्षक जमवला. या डबिंगची कामाची पद्धत मशिनिमाच्या उलट आहे. ऑस्टिनला संवाद आधी ठरत आणि चित्र त्यांच्यामागे चालवले जाई. अहिराणी डबिंगमध्ये चित्र ठरलेले असते आणि संवादाला नटाच्या ओठांमागे धावावे लागते. म्हणून इथे वाक्ये आखूड, शिव्या-म्हणींनी भरलेली, श्वासाच्या मापाची असतात.

खुद्द गेमच्या दृश्यांनाही भारतात मोठा प्रेक्षक आहे, तो मुख्यतः जीटीए नावाच्या गेमचा आणि मोबाइलवरच्या गेमचा, आणि बहुतांशी हिंदीत. मोबाइल गेमच्या बाबतीत हा पाया डळमळीत निघाला. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. गेम गेला, की त्यावर उभी केलेली पात्रे आणि त्यांचे जगही हातचे जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील अनेक पाड्यांना तर त्या वर्षांत नेटवर्कच मिळत नव्हते. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांना उंच टेकडी शोधावी लागली.

अमेरिकेतही मशिनिमाची मोठी घरे टिकली नाहीत. मशिनिमा या नावाची कंपनी २०१९ मध्ये बंद पडली आणि तिच्या वाहिनीवरच्या चित्रफिती एका झटक्यात दिसेनाशा झाल्या. रूस्टर टीथचा शेवट मे २०२४ मध्ये झाला. त्याच महिन्यात ‘रेड व्हर्सस ब्लू’चा अखेरचा चित्रपट आला. पुढच्या वर्षी बर्नी बर्न्स यांनी मालिकेचे हक्क पुन्हा मिळवले.