बंगळुरूची पोस्टिंग – ९ : व्हीनस सर्कस आणि शाळेचं मागचं गेट

बंगळुरू म्हटलं की छान हवा, बागा आणि आमच्या फौजेची ट्रेनिंग सेंटर्स, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण याच शहराच्या इतिहासात एक काळा दिवस आहे. तो दिवस म्हणजे शनिवार, ७ फेब्रुवारी १९८१.

त्या दुपारी व्हीनस सर्कसच्या खेळाला सुमारे चार हजार प्रेक्षक होते आणि त्यांत लहान मुलं भरपूर होती. तंबूला आग लागली, कापड पेटून वरून कोसळू लागलं आणि सगळे एकदम बाहेर धावले. ९० हून अधिक माणसं गेली. त्यांत बहुसंख्य मुलं होती. काही भाजून गेली, तर काही चेंगरून.

अशी घटना जगाला नवीन नव्हती. १९४४ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे सर्कसचा तंबू जळाला आणि सुमारे १६७ माणसं गेली. पाणी गळू नये म्हणून त्या कापडाला मेण आणि पेट्रोलचा थर दिला होता. जनावरांना आत आणायचे पिंजऱ्यांचे बोगदे प्रेक्षकांच्या वाटेत आडवे आले होते. म्हणजे १९८१ च्या आधी ३७ वर्षं हा धडा लिहून ठेवलेला होता.

आपण तो नंतरही गिरवला नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप पेटला. बाहेर पडायची वाट अपुरी होती आणि चारशेहून अधिक जीव गेले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपरापर्यंत पोचली. जिना अरुंद होता. ९४ मुलं गेली.

कुंभकोणमनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली. १३ एप्रिल २००९ च्या निकालात कोर्टाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. शाळांत आग विझवायची उपकरणं हवीत, शिक्षकांना ती वापरण्याचं प्रशिक्षण हवं आणि इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हवी. पुढे २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

म्हणजे आज कागद पूर्ण आहे. पण कागद आणि कवायत यांतला फरक फौजीला वेगळा सांगावा लागत नाही. युनिटमध्ये फायर ऑर्डर भिंतीवर टांगलेली असतेच. तरी फायर पिकेटचं नाव रोज वेगळं लागतं, लाल बादल्यांत वाळू आहे का ते बघितलं जातं आणि अलार्म वाजला की फॉल-इन होऊन नफरी मोजली जाते. मोजणी जुळेपर्यंत कोणी हलत नाही. शाळेतही हेच हवं : कुठल्या वर्गाने कुठल्या जिन्याने उतरायचं, मैदानात कुठे उभं राहायचं आणि हजेरीपट कोणी उचलायचा.

१ डिसेंबर २०२३ रोजी बंगळुरूतल्या चाळीसहून अधिक शाळांना बॉम्बच्या धमकीचे ई-मेल आले. मुलं बाहेर काढली, पालक गेटवर धावले, पोलिसांनी इमारती तपासल्या. ती अफवाच निघाली. पण अशा दिवशी शाळेला दोन गोष्टी एकदम जमाव्या लागतात : मुलं शांतपणे बाहेर आणणं आणि प्रत्येक मूल मोजून, ओळख पटवून योग्य माणसाच्या हाती देणं. दुसरी गोष्ट बहुतेक सरावांत राहूनच जाते.

महाराष्ट्राला तर दैवाने एकदा मोठी सूट दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, तेव्हा वर्ग रिकामे होते. दर वेळी वेळ अशी साथ देईलच असं नाही.

आता माजी सैनिक बंधूंसाठी दोन शब्द. आपल्यातले कितीतरी जण पेन्शनवर आल्यावर गावाकडच्या शाळेत सुरक्षारक्षक म्हणून काम करतात. किल्ल्यांचा जुडगा तुमच्याच कमरेला असतो. शाळेचं मागचं गेट आठवड्यातून एकदा उघडून बघा. कडी गंजली असेल तर तेल घाला, समोर बाक रचले असतील तर हलवून घ्या आणि वर्ग चालू असेपर्यंत त्याला कुलूप लावू नका. मुख्याध्यापकांना भेटून महिन्यातून एक कवायत मागून घ्या आणि पहिल्या घंटेपासून शेवटच्या मुलाच्या मोजणीपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पुढच्या महिन्यात तो आकडा कमी झाला पाहिजे.

जय हिंद!