वंशावळींचे संकेत : एका दप्तरांतून दुसऱ्या दप्तरांत

ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी जुळविण्याचा उद्योग महाराष्ट्रांत जुना आहे. कैफियती, करीने, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांतून नांवें काढावीं, तीं सनदांशीं ताडून पाहावीं व शेवटीं वंशवृक्ष मांडावा, हा क्रम संग्राहकांच्या परिचयाचा आहे. अलीकडे हा वृक्ष कागदावर न मांडतां संगणकाच्या आज्ञावलींत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्यें, मांडण्याचा प्रघात पडत चालला आहे. त्याचे फायदे उघड आहेत. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं. एका घराण्यासाठीं ठरविलेले नोंदीचे संकेत, म्हणजे कालगणना कोणती, दत्तकाची खूण कोणती, पितृनाम कोठें लिहावयाचें, हे दुसऱ्या घराण्याचें दप्तर उघडतांना जसेच्या तसे कसे न्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दिसण्यांत तो क्षुल्लक आहे. तसा तो नाहीं, हें प्रस्तुत लेखकास स्वतःच्याच चुकीनें कळलें.

प्रथम भोसले घराण्याची वंशावळ हातीं घेतली होती. शिवकालीन मितीवरून जंत्रीच्या आधारें जी इंग्रजी तारीख येते ती जुन्या, म्हणजे जूलियन, पद्धतीची असते. म्हणून १७५२ पूर्वींच्या अशा सर्व तारखा त्या दप्तरांत जूलियन म्हणूनच नोंदावयाच्या, असें आरंभीं ठरविलें व तें पाळलें. पुढें कांहीं महिन्यांनीं फलटणच्या नाईक निंबाळकरांचें दप्तर स्वतंत्र उघडलें. सईबाई या घराण्यांतल्या. तेव्हां शिवाजी महाराज तेथें जामात म्हणून आलेच. त्यांची जन्मतारीख घाईनें लिहिली, आणि आज्ञावलीनें आपल्या मूळ स्वभावाप्रमाणें ती ग्रेगोरियन धरली. दोन्ही दप्तरें एकत्र केलीं तेव्हां महाराजांचे दोन जन्म दिसूं लागले!

जेधे शकावलींतील मिती शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. (जन्मशकाचा वाद येथें पुन्हा उकरून काढावयाचा नाहीं.) तिची जूलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३०, तीच ग्रेगोरियन पद्धतीनें १ मार्च १६३०, वार दोहोंकडून शुक्रवारच. परंतु १९ फेब्रुवारी हीच ग्रेगोरियन म्हणून लिहिली, कीं वार मंगळवार येतो व जन्म दहा दिवस मागें जातो. वाईट हें कीं, दोन्ही दप्तरांत दिसणारे आंकडे तेच आहेत. ज्याला वार पडताळण्याची संवय नाहीं, त्यास चूक दिसणारही नाहीं. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नवी पद्धति चालू होती, इंग्रज वखारवाले १७५२ पर्यंत जुन्याच पद्धतीनें लिहीत व त्यांचें वर्ष २५ मार्चला बदलत असे. अशा कागदांवरून वंशावळ भरणाऱ्यानें संकेत दर दप्तरास नव्यानें ठरवूं म्हटलें, तर घोळ झाल्यावांचून राहणार नाहीं.

सुहूर सनाची गोष्ट याहून अवघड आहे. ग्रॅम्प्स ही वंशावळीची आज्ञावली २००१ पासून विकसित होत आली असून ती कोणासही मोफत मिळते. तींत ग्रेगोरियन, जूलियन, यहुदी, फ्रेंच प्रजासत्ताकाची, पर्शियन, इस्लामी व स्वीडिश इतक्या कालगणना आहेत. शालिवाहन शक नाहीं. मग सुहूर सन कोठून असणार? सनाचें नांव अरबी पाहून नवशिका तो इस्लामी गणनेंत टाकतो. परंतु सुहूर सन सौर असून मृगापासून सुरू होतो, आणि हिजरी सन चांद्र आहे. ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’, म्हणजे ११५२, हा सुहूर सन १७५१-५२ चा. हिजरी ११५२ मात्र १७३९-४० चें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतील सनद अशा रीतीनें थोरल्या बाजीरावांच्या हयातींत जाऊन पडते, व तिच्यांत उल्लेखिलेल्या पुरुषाचें वय बारा वर्षांनीं चुकतें. यावर प्रस्तुत लेखकाचा तोडगा असा : मूळ मिती कागदांतल्याच शब्दांत ‘मूळ मिती’ या स्वतंत्र गुणनोंदींत लिहावी, आणि तारखेच्या रकान्यांत केवळ पडताळलेलें रूपांतर घालावें. ‘मूळ मिती’ हें नांवही सर्व दप्तरांत अक्षरशः एकच असावें. एकीकडे ‘मिति’ व दुसरीकडे ‘मिती’ लिहिलें, तर संगणकास त्या दोन वस्तु आहेत.

दत्तकाचें प्रकरण सर्वांत नाजूक. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्यें वारले. पुढील वर्षीं त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर चिमाजीअप्पांस दत्तक देऊन पेशवाईचीं वस्त्रें त्यांस देण्यांत आलीं. चिमाजीअप्पा रघुनाथरावांचे पुत्र, म्हणजे नारायणरावांचे चुलतबंधु. जन्मनात्यानें जे सवाई माधवरावांचे चुलते, तेच त्यांचे पुत्र झाले. पुढें दुसरे बाजीराव गादीवर आल्यावर हें दत्तविधान रद्द ठरविण्यांत आलें. आज्ञावलींत ‘दत्तक’ अशी तयार खूण असते खरी, परंतु पतीच्या पश्चात् विधवेनें घेतलेला आणि मागाहून रद्द झालेला दत्तक तिच्यांत मावत नाहीं. त्यासाठीं ‘पतिपश्चात् दत्तविधान’ व ‘दत्तविधान रद्द’ असे स्वतःचे प्रकार निर्माण करावे लागतात. हा भेद केवळ हौसेचा नव्हे. झांशीस गंगाधररावांनीं मृत्यूच्या आदल्या दिवशीं स्वतः दत्तक घेतला. नागपुरास तिसऱ्या रघूजींच्या पश्चात् दत्तक घेण्यांत आला. दोन्ही राज्यें खालसाच झालीं. हीं उदाहरणें शेजारीं ठेवून तपासावयाचीं, तर दोन्ही दप्तरांत प्रकारांचीं नांवें व अर्थ तेच हवेत. एकांत ‘दत्तविधि’ व दुसऱ्यांत ‘दत्तक घेतला’ असें असेल, तर यादी मागतांच निम्मी माणसें गळतात, आणि गळलीं हें कळतही नाहीं.

पितृनामाविषयीं थोडेंच सांगतों. भट घराण्यांत दोन चिमाजीअप्पा, आणि दोघेही एकेका बाजीरावाचे धाकटे बंधु! चिमाजी बल्लाळ व चिमाजी रघुनाथ असें नांव दाखविण्याचा संकेत नसेल, तर एकत्रीकरणाच्या वेळीं आज्ञावली या दोघांस एकच पुरुष सुचविते.

आतां उपाय. असे स्वनिर्मित प्रकार पुष्कळ ठिकाणीं त्या त्या दप्तराच्या पोटांत राहतात. नवें दप्तर उघडलें कीं तें कोरेंच येतें. म्हणून एक नमुना दप्तर तयार करावें. तींत एक काल्पनिक कुटुंब घालून प्रत्येक स्वनिर्मित प्रकार, गुणनोंद व आधाराची पद्धत निदान एकदां प्रत्यक्ष वापरलेली असावी, कारण न वापरलेला प्रकार निर्यातींत मागें राहण्याचा संभव असतो. नव्या घराण्याचें काम या नमुन्याच्या प्रतीपासून सुरू करावें आणि काल्पनिक कुटुंब शेवटीं काढून टाकावें. ग्रॅम्प्ससाठीं हें नेणेंआणणें तिच्या स्वतःच्या नमुन्यांत करावें, जेडकॉममधून नव्हे.

जेडकॉम हा वंशावळींच्या देवघेवीचा सर्वमान्य नमुना. अमेरिकेंतील लॅटर-डे सेंट्स चर्चनें तो विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत काढला. त्यांत स्वनिर्मित खुणेच्या आरंभीं अधोरेषा देण्याची चाल आहे. घेणाऱ्या आज्ञावलीस ती खूण ओळखीची नसली, तर ती तिला टिपणांत ढकलते किंवा टाकून देते. २०२१ च्या सातव्या आवृत्तींत नव्या खुणेच्या अर्थाचा पत्ता आरंभींच नोंदण्याची व स्वतःची कालगणना जोडण्याची सोय झाली आहे. शालिवाहन शकास व सुहूर सनास तेथें रीतसर जागा मिळूं शकेल. मात्र ती सर्व संग्राहकांनीं एकाच नांवानें घेतली पाहिजे.

निंबाळकरांच्या दप्तरांतील तारखा सध्यां वार पाहून एकेक तपासल्या जात आहेत. नमुना दप्तराबरोबर संकेतांचें एक कागदी पत्रकही ठेविलें आहे. आज्ञावली बदलली, तरी तें वाचतां येईल.