नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संगणक कक्ष

राज्य शासनाने १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. यवतमाळ शहरात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ मध्ये, तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २०१८ मध्ये स्थापन झाले. १९८३ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आयातीवरील निर्बंध सैल करणारे संगणक धोरण १९८४ च्या नोव्हेंबरात यायचे होते. यंत्र मिळविणे हीच तेव्हा मोठी कामगिरी होती. आज यंत्र सहज मिळते. ते टिकविणे कठीण असते.

पहिला प्रश्न संख्येचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद विद्यार्थी व संगणक यांचे प्रमाण ठरवून देते; ते वेळोवेळी बदलले आहे. चार विद्यार्थ्यांमागे एक संगणक असे धरल्यास, ६० प्रवेशक्षमतेच्या एका शाखेला चारही वर्षे भरल्यावर ६० संगणक लागतात. पहिल्या वर्षी मात्र विद्यार्थी ६० च असतात. तरीही निधी हाती आहे म्हणून सर्व यंत्रे एकदम घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. अशी यंत्रे तीन वर्षांची हमी संपून एकाच वेळी जुनी होतात आणि पहिली तुकडी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला बसते तेव्हा तिच्या हाती कक्षातील सर्वांत थकलेली यंत्रे येतात. दरवर्षी थोडी खरेदी केल्यास नवी यंत्रे वरच्या वर्गांना व जुनी प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला देता येतात.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि विदर्भात तोच खरा. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने राज्यातील प्रयोगशाळांची वेळापत्रके कोलमडली होती. ३० संगणकांच्या कक्षाला, प्रत्येकी १०० वॉट धरून, ३ किलोवॉट वीज लागते. काम जतन करून यंत्रे बंद करण्यापुरता वेळ यूपीएस देतो. तासभर प्रात्यक्षिक चालवायचे तर जनित्र हवे. यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या कोठे ठेवतात, याकडे सहसा कोणी पाहत नाही. २५ अंशांवर तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते. यवतमाळचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो. जिन्याखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या म्हणूनच अकाली निकामी होतात.

अर्थिंगचेही तसेच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओलावा जातो आणि अर्थिंगचा विद्युत्‌रोध वाढतो. संगणक कक्षासाठी चांगले अर्थिंग घ्यावे, खड्ड्यात पाणी घालण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावे असावी आणि रोधाचे मोजमाप भर मे महिन्यात करावे. पावसाळ्यातले मोजमाप दिलासा देते, माहिती देत नाही.

वातानुकूलनाचा हिशेब यंत्रांपुरता करू नये. ३० यंत्रांची ३ किलोवॉट उष्णता आणि ३० विद्यार्थ्यांची जवळपास तेवढीच, म्हणजे ६ किलोवॉट झाली. एक टन क्षमता सुमारे साडेतीन किलोवॉटची असते. त्यामुळे छत तापण्याआधीच पावणेदोन टन खर्ची पडतात. कक्ष वरच्या मजल्यावर न ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

दोन इमारतींमधील जोडणी प्रकाशतंतूची असावी. तांब्याची केबल १०० मीटरपुढे चालत नाही आणि वीज कोसळल्यास यंत्रांपर्यंत धक्का पोहोचविते.

परवाना शुल्क दरवर्षी भरावे लागते, हे अंदाजपत्रकात अनेकदा सुटते. लिनक्स व सायलॅब यांवर पुष्कळ अभ्यासक्रम भागतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे काही पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

राहिला कक्षाच्या वेळांचा प्रश्न. झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातील खेड्यातून आलेल्या कित्येक मुलांच्या घरी संगणक नसतो. महाविद्यालयातील यंत्र हेच त्यांचे एकमेव यंत्र. कक्ष पाच वाजता बंद झाला, तर वसतिगृहात राहणाऱ्यांची संध्याकाळ वाया जाते. आणि एसटीने ये-जा करणाऱ्यांना संध्याकाळची बस गाठायची असल्याने त्यांच्यासाठी तो सकाळी लवकर उघडावा लागतो. दोन्ही वेळा सांभाळायच्या तर दोन प्रयोगशाळा साहाय्यक नेमावे लागतात, आणि त्यांचे वेतन यंत्रखरेदीच्या निधीतून निघत नाही.