चार महामस्तकाभिषेक, चार गाड्या आणि मागची सीट



गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, जुनी डिझेल गाडी कोणती घ्यायची. घरात आम्ही सात माणसे. मामंजी, सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची लेक. माझा मुलगा पुण्याहून आला की आठ. नवी मोठी गाडी परवडणारी नाही, आणि दोन लहान गाड्यांतून निघायचे तर निम्मे घर एकीकडे, निम्मे दुसरीकडे. ह्यांचे म्हणणे एक, भाऊजींचे दुसरे. म्हणून मी वही घेऊन यादी करायला बसले.

यादी करताना लक्षात आले, की माझ्या आयुष्यातली प्रत्येक मोठी गाडी मला श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाबरोबर आठवते. साधारण बारा वर्षांनी येणारा हा सोहळा १९८१, १९९३, २००६ आणि २०१८ असा मी चार वेळा पाहिला. चारही वेळा गाडी वेगळी होती. माझी बसायची जागा मात्र तीच होती.

विहिरीवरचे इंजिन

आपल्या भागात डिझेल गाडीच्या आधी विहिरीवर आले. माझ्या माहेरी मळ्यात किर्लोस्करांचे इंजिन होते. त्याचा टक टक आवाज आणि आण्णांच्या सदऱ्याला येणारा वास अजून आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती आपल्याच सांगली भागात, लोखंडी नांगरासाठी. पुढे १९४६ मध्ये याच घराण्याने पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, आणि कितीतरी मळ्यांत पाणी खेळू लागले.

हे इंजिन शोधणारा रुडॉल्फ डिझेल. त्याचे पहिले नीट चालणारे इंजिन १८९७ सालचे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तसले एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपण ज्यात पुऱ्या तळतो त्याच तेलावर! या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्यात तेल पडताच पेट घेते. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाड आणि दणकट बनवावे लागते. त्यामुळे ते महाग पडते, पण ओझे ओढायला चांगले आणि तेल कमी पिते.

१९८१ : मॅटाडोर

मी सात वर्षांची होते. तो सोहळा विशेष होता, कारण भगवान बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षे झाली होती. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुले वाहिली, हे आमच्याकडे अजून सांगतात.

भावकीतल्या चौदा जणांनी मिळून मॅटाडोर ठरवली होती. ही गाडी बजाज टेम्पोची. कंपनी १९५८ साली सुरू केली ती नवलमल फिरोदिया यांनी. अहमदनगरच्या जैन घराण्यातले, वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. जर्मनीच्या ज्या कंपनीशी करार केला तिच्या गाडीचे नाव टेम्पो, आणि आपण आजही कुठल्याही मालगाडीला टेम्पोच म्हणतो.

पुढे पुरुष बसले. मागे सतरंजी अंथरून आज्जी, काकी, आई आणि आम्ही पोरे. मध्ये गाळलेल्या पाण्याच्या कळशा, स्टोव्ह, शिधा आणि डबे. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचे, म्हणून वाटेत झाड दिसेल तिथे चूल मांडायची. आपल्या यात्रेला माणसांइतकीच सामानाला जागा लागते, हे तेव्हापासूनचे आहे.

१९९३ : ट्रॅक्स

त्या डिसेंबरात आम्ही ट्रॅक्समधून गेलो. हीसुद्धा बजाज टेम्पोचीच. आपल्याकडचे वडाप ज्या गाड्यांवर चालले त्यांतली ही एक. मागे दोन आडवे बाक, गुडघ्याला गुडघे लागलेले. बाकांना पट्टे नव्हते, धरायला वर एक दांडी होती. घाटात आम्ही बायका आलटून पालटून उलट्या करत होतो आणि पुढून आवाज येत होता, "काय झालं गं मागं?"

लगेच १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. जपानी पैलवानाशी तिचा संबंध नाही. टेल्को उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातला Su आणि आडनावातला Mo ही इंग्रजी अक्षरे घेऊन हे नाव ठेवले. दहा माणसांची गाडी आता बंगल्यापुढेही दिसू लागली. पण तिच्यातही मागे तेच आडवे बाक.

२००६ : क्वालिस

तोवर मी सासरी आले होते. टोयोटाने किर्लोस्करांबरोबर बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना काढला आणि जानेवारी २००० मध्ये क्वालिस आणली. दिसायला डब्यासारखी, पण न कुरकुरता धावणारी. २००५ मध्ये ती बंद करून इनोव्हा आली, तशा जुन्या क्वालिस बाजारात दिसायला लागल्या. त्यांतली एक आम्ही एका दलालाकडून घेतली.

मीटरवर ६८ हजार किलोमीटर होते. पण ब्रेक आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. हे मला दिसले होते. मी ह्यांना हळूच म्हटलेही, पण बायकांना गाडीतले काय कळते म्हणून विषय तिथेच थांबला. यात्रेहून आल्यावर मेस्त्रींनी बॉनेटच्या आत चिकटवलेली तेल बदलल्याची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर आकडा होता १ लाख ४० हजार. मीटर मागे फिरवला होता.

डिझेल स्वस्त होते म्हणून

डिझेल शेतीला आणि मालवाहतुकीला लागते, म्हणून सरकार त्याचा दर दाबून धरत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर मोकळा केला, डिझेलचा नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ च्या आत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मारुतीची अर्टिगा आली होती. घरोघरी डिझेलच हवे होते.

जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला साधारण ५० पैशांनी वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचाही दर मोकळा झाला. मग एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणून आज जुन्या बाजारात सात-आठ जणांची डिझेल गाडी शोधताना २०१२ ते २०२० या काळातल्या गाड्या जास्त दिसतात.

२०१८ : इनोव्हा क्रिस्टा

ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. आम्ही भाड्याने क्रिस्टा ठरवली होती. पुढे मामंजी, मधे पुरुष मंडळी, मागे आम्ही बायका. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच दुखत होते. पण "मी बसते मागं, तुम्ही नीट बसा" म्हणून त्या वाकून मागच्या सीटवर गेल्या. कोणी नको म्हटले नाही. मीही नाही.

पहिल्या थांब्यावर त्यांना पाय सरळ करता येईनात. दोघांनी धरून उतरवले. पोहोचल्यावर विंध्यगिरीच्या पायऱ्या त्यांना चढता आल्या नाहीत. एवढ्या लांब जाऊन त्यांनी खालूनच हात जोडले. गाडी चांगली होती, सीटही चांगली होती. कोणी कुठे बसायचे हे आम्ही चुकवले.

आता कोणती?

बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचा सोहळा २०३० च्या सुमारास येईल. सासूबाई म्हणतात, "तो बघायचाच." म्हणून वहीत पहिली अट तीच लिहिली.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४-१५ ची गाडी स्वस्त मिळते, पण ऐन २०३० मध्ये तिची तपासणी, पर्यावरण कर आणि पुन्हा नोंदणी हे सारे करावे लागेल. म्हणून २०१७ च्या अलीकडची पाहायची ठरवली.

दुसरा प्रश्न, डिझेल खरेच हवे का? देऊळ, बाजार आणि शाळा एवढेच फिरणे असेल तर नको, मैत्रिणींनो. बीएस-६ डिझेलला धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. गावातल्या गावात फिरून ती तुंबते आणि खर्च काढते. आमची पुण्याची खेप दर पंधरवड्याला असते आणि वर्षाला दोन-तीन यात्रा होतात, म्हणून आम्हाला डिझेल परवडते.

अर्टिगाचा पायठा कमी उंच आहे, सासूबाईंना चढायला ती सोपी. पण मागची सीट अरुंद, आणि सगळे बसल्यावर सामानाला जेमतेम एका बॅगेची जागा. क्रिस्टा मोठी, पण चढायला उंच. शेवटी आठ सीटची, २०१८ ची, एकाच मालकाने वापरलेली क्रिस्टा पसंत पडली. बाजूला रुंद पायदान बसवून घ्यायचे ठरले.

पण त्याआधी मी वही काढली. पायपट्टीचे रबर पाहिले. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे मीटरशी ताडून पाहिले. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला लावली आणि धूर पाहिला. पूर्वी टॅक्सी होती का, कर्ज फिटून बँकेचा दाखला आला का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे विचारले. दिल्ली पासिंगच्या गाड्या यादीतून आधीच काढल्या होत्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे २०१५ साली बंदीचा आदेश निघाला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, पण कागदपत्रांचे हेलपाटे फार.

शेवटी चक्कर मारायला निघालो तेव्हा मी म्हटले, "आज तुम्ही दोघे भाऊ मागे बसा." हे हसले, पण बसले. वीस किलोमीटर गेल्यावर मागून आवाज आला, "अहो, मागचा एसी जरा वाढवा की." आणखी थोड्या वेळाने, "गुडघे आखडले, थांबवा जरा."

सासूबाई मधल्या सीटवर खिडकीशी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसते पाय लांब केले.

गाडी पुढच्या आठवड्यात येईल. जाताना मागे आम्ही जावा आणि येताना हे दोघे भाऊ, असे ठरले आहे. तुमच्या घरी मागे कोण बसते?

जय जिनेंद्र.