आमच्या चाळीमागची खुराडी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असा भगिनींनी आग्रह केला. मी सातवी शिकलेली. लेख लिहिण्याची सवय नाही. पण गिरणगावचा इतिहास म्हटला की गिरण्या, भोंगे आणि संप एवढेच लिहिले जाते. बायकांनी चाळीमागे पाळलेल्या कोंबड्यांविषयी कोणी लिहीत नाही. म्हणून हा प्रयत्न.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ-लालबागला गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा भागांतील माणसे पोटासाठी येथे आली. पुष्कळ पुरुष एकटेच राहत व खाणावळीत जेवत. ज्यांनी बिऱ्हाड केले त्यांच्या बायकांनी गावच्या सवयीही बरोबर आणल्या. गावी परसात कोंबड्या असत. येथे परस कोठला? तळमजल्यामागे, मोरीच्या भिंतीला लागून, फळकुटांचे खुराडे उभे राही. नाही तर रात्री डालग्याखाली कोंबड्या झाकून वर दगड ठेवीत.

खाणे वेगळे लागत नसे. तांदळाची कणी, उरलेला भात, भाजीचे देठ पुरे होत. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत गवत घालून तिच्याखाली अंडी ठेवायची आणि २१ दिवस मोजायचे. पिल्ले निघाली की सगळ्या चाळीची पोरे भोवती जमत. काळजीही तितकीच. वरून घार, खालून घूस, रात्री बोका. त्यात शेजारीण ओरडे, “वहिनी, तुमच्या कोंबडीने आमच्या वाळवणात पाय घातला!” मग दोन अंडी देऊन समजूत काढावी लागे.

सर्वांत मोठी भीती मानमोडीची. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. कोंबडीची मान पिरगळते, विष्ठा हिरवट होते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. आता पिल्लू आठवड्याचे असतानाच डोळ्यात लशीचा थेंब टाकतात. परळला पशुवैद्यक कॉलेज १८८६ साली निघाले. पण चार कोंबड्यांसाठी तेथवर जावे, हे आमच्याकडे कोणाला सुचत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत माझे सासरेही होते. पगार बंद झाल्यावर सासूबाईंच्या ११ कोंबड्यांची अंडी विकून मीठमिरची येई. त्या पावसाळ्यात मानमोडी आली. पहिल्याच दिवशी एक माणूस म्हणाला, “बाई, मान टाकायच्या आत द्या, रोख पैसे देतो.” घरात तांदूळ नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच्या पोरांच्या ताटात आजारी कोंबडी मी घालणार नाही.” चार दिवसांत ९ कोंबड्या गेल्या. खड्डा काढून, चुना टाकून त्या पुरल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक दिवाळीला खुडूक झाली आणि सात पिल्ले निघाली. त्यांच्याच अंड्यांवर पुढे आमच्या ह्यांची शाळेची पुस्तके आली.

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्ल्यू आला, तेव्हा कोंबड्या लाखांनी माराव्या लागल्या. टीव्हीवर ते पाहून सासूबाई एवढेच म्हणाल्या, “ज्यांचं पोट त्यांवर होतं, त्यांच्या घरी आज चूल पेटली नसेल.”

आता गिरण्या नाहीत, खुराडीही नाहीत. अंडी दुकानातून येतात. पण भगिनींनो, घरोघरच्या थोरल्या बायकांना अशा गोष्टी विचारून लिहून ठेवा. गिरणगाव त्यांनीही उभे केले आहे.