पिंप उघडणारा हात

माणसे दगावल्यावर कायदा जागा होतो, हे आम्ही कामगारांत वावरताना पुष्कळदा पाहिले. औषधांचा इतिहास निराळा नाही. १९३७ साली अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात बनविलेल्या औषधाने शंभरावर बळी घेतले. पुढल्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपला औषधकायदा १९४० चा. तरी १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच विष ग्लिसरीनमधून गेले आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत रुग्णालयाबरोबर अन्न व औषध प्रशासनाचीही ढिलाई उघडी पडली. २०२५ साली खोकल्याचे औषध घेऊन मूत्रपिंडे निकामी झालेली छिंदवाड्याची लेकरे उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली. कित्येक वाचली नाहीत. औषध तामिळनाडूत बनलेले, विष मात्र तेच!

मग उणे कशाचे? कलमांचे नव्हे. कच्च्या मालाचे पिंप उघडून नमुना तपासणे हे कारखानदाराचे काम. तो ते करतो की नाही, हे पाहणे निरीक्षकाचे. हे दोन हात थांबले की कायदा कागदावरच राहतो. म्हणून आम्ही म्हणतो : कामगारांनी मजुरी जशी मागून घेतली, तशी नागरिकांनी तपासणीही मागून घ्यावी.