पिसोरी

सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत व मध्य भारतातील दाट रानांत वावरणारे, खांद्यापाशी जेमतेम 30 सेंमी. उंचीचे, हरणासारखे दिसूनही हरिणकुलाबाहेरचे हे बिनशिंगी रवंथी जनावर एकांतप्रिय व निशाचर आहे. नराचे वरचे सुळे ओठांबाहेर डोकावतात. तपकिरी अंगावरील पांढरे ठिपके व पट्टे त्यास पालापाचोळ्यात बेमालूम लपवितात. चाहूल लागताच ते जागीच थिजते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार निषिद्ध आहे. नांदेड-लातूरच्या मुलांस त्याची ओळख करून द्यावयाची, तर त्यांच्या भागावरील पूर्वीच्या निजामी अमलाची राजधानी जे हैदराबाद, तेथील नेहरू प्राणिसंग्रहालयात 2010 पासून पिसोरीची पैदास होऊन पुढे काही तेलंगणाच्या अरण्यांत मोकळ्या सोडल्या गेल्या, ही हकिगत आवर्जून सांगावी.